सबनीस काकांचं अकरावं प्रकरण

"बॉम्ब तेवढा काढा, डॉक्टरसाहेब. बाकी लेख फर्स्ट क्लास आहे."

मी सबनीसांच्या घरी पहिल्यांदाच आले होते आणि दाराशी खाली बसून बुटांच्या नाड्या सोडत होते. आत कोण बोलतंय ते दिसत नव्हतं. उत्तर देणारा आवाज म्हातारा, सावकाश आणि अगदी कोरडा होता.

"बॉम्ब काढला तर नुसता हॉटेलचा मेनू उरेल. तो छाप. लोकांना आवडेल."

"तसं नाही हो काका. यार, दिवस कसे आहेत बघा ना. माझं ग्रीन कार्ड अडकलंय, निम्म्या कमिटीचं अडकलंय. उद्या कोणी विचारलं, तुमचं हे मंडळ नक्की काय करतं, तर काय सांगू? आरती करतो आणि बॉम्बवर लेख छापतो?"

"मराठीत छापतोस ना? मग विचारणाऱ्याला आधी मराठी शिकावं लागेल. तोवर तुझं कार्ड येईल."

हे २००२ सालच्या ऑगस्टमधलं, न्यू जर्सीतल्या पार्सिपनीमधलं; न्यूयॉर्कचे टॉवर पडून अजून वर्ष झालं नव्हतं. लेख मराठी मंडळाच्या गणपतीच्या स्मरणिकेसाठी होता आणि त्यातला बॉम्ब काढायला सांगणारा माणूस म्हणजे स्मरणिकेचा संपादक शिरीष. लेख अर्थातच छापला गेला नाही. त्या पानांवर मायक्रोवेव्हमध्ये उकडीचे मोदक कसे करावेत ते आलं.

शिरीष गेल्यावर काका दाराशी आले. मी अजून तिथेच होते. त्यांनी डावा डोळा मिटला आणि उजव्याने माझ्याकडे पाहिलं. पुढे ही सवय मला माहीत झाली. ते पॅथॉलॉजिस्ट होते, जुन्या एका डोळ्याच्या मायक्रोस्कोपवर शिकलेले. भाजीवाल्याकडची काकडी असो, नातेवाइकाचा नवरामुलगा असो, नीट बघायचं म्हटलं की त्यांचा डावा डोळा आपोआप मिटायचा.

"सगळं ऐकलंस?"

मी मान हलवली.

"आणि मध्ये बोलली नाहीस. छान. मराठी कितपत येतं?"

बोलता येतं, वाचायला वेळ लागतो, असं मी खरं ते सांगितलं. मी नागपूरला कॉन्व्हेंटमध्ये शिकले. शाळेत मराठी बोललं तर वर्गाबाहेर उभं करत आणि घरी इंग्रजी बोललं तर आजोबा तोंड फिरवत, त्यामुळे मी दोन्ही भाषांत गप्प बसायला शिकले. त्या वेळी मी पंचवीस वर्षांची होते, एच-वन व्हिसावर एका औषधाच्या कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होते, आणि माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर मराठी टाइप करायची सोय होती. एवढ्या एका कारणासाठी काकांच्या पत्नी सुमनकाकूंनी मला देवळात गाठून घरी बोलावलं होतं.

"बरंच झालं," काका म्हणाले. "चांगलं मराठी येणारी माणसं माझी वाक्यं सुधारतात. रेवाबाई, तुम्ही फक्त ऐकलेलं लिहा."

काका तीस वर्षं एका माणसाचं चरित्र लिहीत होते. तो फ्रेंच होता, शंभरेक वर्षांपूर्वीचा. दिवसा नगरपालिकेच्या पाणीखात्यात कारकुनी करायचा आणि उरलेल्या वेळात चित्रांवर लिहायचा. ज्या चित्रकारांना लोक हसत होते त्यांच्याबद्दल त्याने लिहिलं, तेही चार-चार ओळींत, कुठेही सही न करता. सरकार नावाची गोष्टच नसावी असं त्याचं मत होतं आणि पगार सरकारचा होता. त्याचं नाव मी इथे देत नाही. त्याने हयातभर स्वतःच्या लिखाणाखाली ते घातलं नाही, आणि काकांनाही ते कव्हरवर नको होतं. काका त्याला 'कारकून' म्हणायचे, घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं. "कारकुनाला आज बरं वाटत नाहीये," असं ते म्हणाले की समजायचं, आज प्रकरण पुढे सरकलेलं नाही.

अमेरिकेत येण्यापूर्वी काका चार वर्षं माँट्रियलच्या एका इस्पितळात होते. तिथे फ्रेंच शिकावं लागलं. फुटपाथवरच्या पुस्तकांत त्यांना एक पातळ पुस्तिका मिळाली. ठिपक्याठिपक्यांनी रंगवलेल्या एका नदीच्या चित्राबद्दल त्यात लिहिलं होतं की हे चित्र जवळून पाहणाऱ्याला काही दिसणार नाही आणि लांबून पाहणाऱ्याला ते कसं झालं ते कळणार नाही. काका म्हणाले, "मी दिवसभर स्लाइडवर ठिपके बघत होतो. मला वाटलं, हा माझ्याशीच बोलतोय."

इंग्रजीत का लिहीत नाही, असं मी एकदा विचारलं. विचारायला मला पाच महिने लागले होते.

"इंग्रजीत लिहिलं तर दहा जण वाचतील आणि दहाही चुका काढतील. मराठीत एकही वाचणार नाही. खरं लिहायला ही जागा बरी."

त्यांची लिहिण्याची पद्धत मात्र कारकुनाची नव्हती, पॅथॉलॉजिस्टची होती. नोकरीत असताना ते मायक्रोस्कोपमध्ये बघत बघत छोट्या टेपरेकॉर्डरवर रिपोर्ट सांगायचे, टायपिस्ट तो उतरवायची, काका सही करायचे आणि त्याच टेपवर दुसऱ्या दिवशीचे रिपोर्ट सांगायचे. चरित्रही तसंच. कच्चा खर्डा नाही, टिपणं नाहीत. आठवडा-दोन आठवडे प्रकरण डोक्यात जुळवायचं आणि मग बेसमेंटमध्ये बसून एका दमात सांगून टाकायचं. एकच टेप होती. रविवारी दुपारी मी ती घेऊन जायची, आठवडाभर ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कानाला हेडफोन लावून टाइप करायची, पुढच्या रविवारी टेप परत द्यायची. काका त्याच टेपवर पुढचं सांगायला घ्यायचे. छापलेली प्रत सवडीने दिली तरी चालायची.

मी उतरवलेल्या पहिल्या प्रकरणाच्या वेळी मी त्यांना ओळखलं नव्हतं आणि त्यांनी मला. टेपवर ते विरामचिन्हंसुद्धा सांगायचे. मी अकरा पानं टाइप करून नेली, त्यांनी पहिलं पान वाचलं, आणि मग चष्मा काढून हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला. काकू धावत खाली आल्या. मी सगळीकडे 'पूर्णविराम', 'स्वल्पविराम', 'नवा परिच्छेद' हे शब्द लिहिले होते. एका ठिकाणी तर 'सुमन, कुकर बंद कर' हेही होतं.

"ऐकलेलं लिहा म्हणाला होतात ना," काकू म्हणाल्या. "मग आता हसता कशाला बिचारीला?"

"हसत नाही. तीस वर्षांत अशी प्रामाणिक टायपिस्ट मला मिळाली नव्हती."

'प्रामाणिक' हा शब्द त्यांनी सहज वापरला. माझ्या मनात तो राहिला.

पावणेतीन वर्षं मी तो आवाज रोज दुपारी कानात घेऊन बसले. माझं मराठी शाळेतून आलेलं नाही, घरातूनही फारसं नाही. ते त्या टेपवरून आलं आहे. आजही एखादं वाक्य लिहिताना ते नेमकं कुठे थांबवायचं हे मला आत ऐकू येतं, आणि थांबवणारा आवाज माझा नसतो.

काकांच्या बोलण्यात रिपोर्टची शिस्त होती. "विशेषण घालायचं नाही. गाठ भयंकर आहे असं लिहीत नाहीत. गाठ किती सेंटिमीटर आहे ते लिहितात." मंडळात कोणी कोणाबद्दल वाईट बोललं की ते शांतपणे विचारायचे, "बायॉप्सी केली का?" त्यांचा मुलगा सिॲटलहून फोनवर इंग्रजीत विचारायचा की हे पुस्तक कोण वाचणार. काका मराठीत उत्तर द्यायचे, "तू नाही."

एक गोष्ट मला काकूंनी सांगितली, भाजी निवडताना. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात काकांच्या हातून दोन बायकांच्या स्लाइड्सची अदलाबदल झाली. जिला कॅन्सर होता तिला काही नाही असं कळलं. आठवड्याने चूक लक्षात आल्यावर इस्पितळाने सांगितलं, तिच्या डॉक्टरला कळवा, पुढचं तो बघेल. काकांनी ऐकलं नाही. पत्ता शोधून तिच्या घरी गेले. तिथे तिचा वाढदिवस चालला होता. "त्यांनी केकचा तुकडा हातात घेऊन सांगितलं," काकू म्हणाल्या. "मी गाडीत होते. घरी आल्यावर मी म्हटलं, निदान केक संपेपर्यंत थांबायचं. तर म्हणाले, तिला मिळालेला तो आठवडा माझ्या चुकीचा होता, तो आणखी लांबवायचा मला अधिकार नव्हता."

चरित्रात सगळं दहाव्या प्रकरणापर्यंत आलं होतं आणि तिथे येऊन थांबलं होतं. कारण अकराव्यात बॉम्ब होता.

सरकारी अधिकारी जिथे जेवायला जात त्या एका हॉटेलच्या खिडकीत कोणीतरी एक लाकडी पेटी ठेवली आणि ती फुटली. अधिकाऱ्यांना काही झालं नाही. त्या दिवशी तिथे जेवत असलेला एक गरीब कोरीवकाम करणारा माणूस सापडला आणि त्याचा गुडघ्याखालचा पाय गेला. हा कारकुनाचा जवळचा मित्र होता. कारकुनाच्या कचेरीतल्या टेबलात स्फोटकाची नळी सापडली म्हणून त्याला पकडलं. कोर्टात न्यायाधीशाने विचारलं, ही तुमच्या टेबलात कशी आली? तो म्हणाला, सरकारी टेबलात वस्तू येतात कशा हे पाणीखात्यात अकरा वर्षं काढूनही मला समजलेलं नाही. लोक हसले. तो सुटला. तो खटला काकांना तोंडपाठ होता. तो सांगताना त्यांचा कोरडा आवाज उजळायचा. पण पेटी त्याने ठेवली होती का, असं कोणी विचारलं की ते म्हणायचे, "पुरावा नाही. स्लाइडच आलेली नाही माझ्याकडे."

२००५ च्या मे महिन्यात स्लाइड आली. त्या कोरीवकाम करणाऱ्याची नात माँट्रियलमध्ये राहत होती, नव्वदीची. तिच्याकडे तिच्या आईने लिहिलेलं एक पत्र होतं. ती त्याची प्रत काढू देत नव्हती, पण घरी येऊन वाचा म्हणाली. काका सत्तरी ओलांडलेले, काकूंनी सात तास गाडी चालवली. काका आत गेले आणि काकू बाहेर बसल्या. "दोन तास लागले. माझी स्वेटरची एक बाही झाली," काकूंनी सांगितलं. "बाहेर आले ते माझ्याकडे न बघता गाडीत बसले. मी तीनदा कॉफीला थांबले, एकदाही उतरले नाहीत."

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी प्रकरण सांगून टाकलं आणि मला टेप दिली. त्या म्हाताऱ्या बाई त्याच महिन्यात गेल्या आणि त्यांच्या घरातले कागद कुठे गेले ते कोणाला कळलं नाही. म्हणजे ती हकीकत जगात एकाच जागी होती, आणि ती टेप माझ्या पर्समध्ये होती.

मी ती दुसऱ्या दिवशी ऑफिसात ऐकली. पेटी कारकुनानेच ठेवली होती. मित्र त्या दिवशी तिथे असेल हे त्याला माहीत नव्हतं. खटल्यातून सुटल्यावर तो दर गुरुवारी मित्राकडे जायचा, संत्री न्यायचा, तासभर बसायचा आणि चित्रांबद्दल बोलायचा. असं बावीस वर्षं. मित्राने फार पूर्वीच ओळखलं होतं, असं त्याच्या मुलीने त्या पत्रात लिहिलं होतं. पण तोही बोलला नाही. एका गुरुवारी कारकून दारात उभा राहून काहीतरी सांगणार होता, तेव्हा मित्राने म्हटलं, संत्री आज फार छान आहेत. मग त्याने सांगितलं नाही. टेपवर इथे काका थांबले होते. मागे घड्याळ चालू होतं. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "पूर्णविराम." आणि मग विरामचिन्हं नसलेलं एक वाक्य, बहुतेक माझ्यासाठी नसलेलं: "तीस वर्षं मी ह्याच्या गप्प बसण्याला शहाणपण म्हणत होतो."

मी प्रकरण टाइप केलं. त्यात पेटी कशी केली होती, कोणती पूड, किती, वात कुठून बाहेर काढली, हे सगळं काकांनी रिपोर्टसारखं दिलं होतं. रविवारी टेप परत दिली. काकांनी विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं." त्यांनी त्याच दुपारी त्याच टेपवर, अकराव्याच्या जागी, बारावं प्रकरण सांगायला घेतलं.

छापून मात्र मी आणलं नव्हतं. एरवी कॉरिडॉर रिकामा बघून मी ऑफिसच्या प्रिंटरवर पानं काढायची आणि लॅपटॉपवरची फाइल पुसायची. या वेळी रोज कोणीतरी प्रिंटरशी उभं असायचं, किंवा मला तसं वाटायचं. चौथ्या दिवशी कंपनीची मेल आली. शुक्रवारी सगळे लॅपटॉप तपासायला घेणार आहोत, वैयक्तिक फाइली काढून ठेवाव्यात. दरवर्षी यायची तशीच ती मेल होती. पण माझ्या ग्रीन कार्डचे कागद त्या आठवड्यात वकिलाकडे जाणार होते. तेवढ्यानेच माझ्या डोळ्यांसमोर एक खोली उभी राहिली. तिथे दोन माणसं बसली होती, आणि ती मला विचारत होती की हे तू का लिहिलंस.

मी ती फाइल पुसली. मग स्क्रीनवरची कचऱ्याची टोपलीही रिकामी केली.

हे मी स्वतःला पुढे अनेकदा समजावलं आहे, म्हणून नीट लिहिते. त्या इमारतीत मराठी वाचू शकणारं दुसरं कोणी नव्हतं. इतकंच नाही, ती फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली असती तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसले असते. तपासणाऱ्यांनी ती बघितली असती तर बिघडलेली फाइल म्हणून सोडून दिली असती. आणि भीती इतकीच होती तर मला ते प्रकरण कागदावर हाताने उतरवून घेता आलं असतं. एक दुपार पुरली असती. मी ती दुपार घेतली नाही.

रविवारी काकांनी प्रत मागितली. मी म्हटलं प्रिंटर बिघडलाय. त्यांनी डावा डोळा मिटला, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "घाई नाही." मी ठरवलं होतं की पुढच्या रविवारी सांगायचं आणि पुन्हा सांगून घ्यायचं. त्यांना सगळं पाठ असणार. बुधवारी सकाळी दात घासताना ते पडले.

उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टरांनी सांगितलं, समजतं बरंचसं, पण शब्द बाहेर येणार नाहीत, वाचताही येणार नाही. आकडे कदाचित ओळखतील. ज्या माणसाने चाळीस वर्षं नुसतं बोलून काम केलं त्याच्या तोंडून आता एकच आवाज निघायचा, 'ता' सारखा.

मी दर रविवारी जात राहिले. मी गेले की ते डावा हात वर करायचे. पाच बोटं, पुन्हा पाच, मग एक. काकूंना वाटायचं ते अकराच्या गोळीचं विचारताहेत. "दिली हो, मघाशीच दिली," त्या म्हणायच्या. काका मान हलवायचे आणि पुन्हा माझ्याकडे वळून करायचे. पाच, पाच, एक. मी काय करायची? मी हसायची. मी फळं न्यायची. मी तासभर बसून ऑफिसातलं काहीतरी सांगायची. गुरुवार आणि रविवार यांतला फरक मला कळेनासा झाला.

घरी मी ते प्रकरण पुन्हा लिहायला बसले, किती वेळा त्याची गणती नाही. मला सात वाक्यं नक्की आठवत होती. आठवं लिहिलं की त्यात विशेषण यायचं. काकांचा आवाज सातव्यापर्यंत सोबत करायचा आणि मग घड्याळ ऐकू यायचं, त्या टेपवरचं, मागचं. ऑफिसात, दुकानात रांगेत, गाडीत, एखादी खोली अचानक शांत झाली की ते घड्याळ सुरू व्हायचं. अजूनही होतं. त्यानंतर 'पूर्णविराम' येईल म्हणून मी वाट बघते, आणि तो येत नाही.

२००८ मध्ये मंडळाने काकांचं पुस्तक काढायचं ठरवलं. पुढाकार शिरीषचा होता. त्याचं ग्रीन कार्ड आलं होतं, टक्कल पडायला लागलं होतं, आणि सहा वर्षांपूर्वी परत केलेल्या लेखाची त्याला लाज वाटत होती. ते त्याने माझ्यापाशी कबूल केलं. अपुरं बारावं प्रकरण त्याने टेपवरून उतरवून घेतलं. त्याने विचारलं, "रेवा, दहा आहे, बारा आहे, अकरा कुठाय?" मी म्हटलं, माझ्याकडे नाही. हे खरं होतं. काकू म्हणाल्या, माँट्रियलहून आल्यापासून त्यांचं मन उडालं होतं, ते सोडून पुढचंच घेतलं असेल. शिरीषला ते पटलं. त्याने बाराव्याला अकरावं केलं, मध्ये फट नको म्हणून, आणि प्रस्तावनेत लिहिलं की बॉम्बचा आरोप सिद्ध झाला नाही आणि डॉक्टरांनीही आपल्या नायकाला संशयाचा फायदा दिला, हा त्यांचा मोठेपणा. ते प्रूफ मी तपासलं. त्या वाक्यात चूक नव्हती, म्हणजे अक्षरांची. आभाराच्या पानावर माझं नाव होतं.

काका त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गेले, झोपेत. लोकांनी शोकसभेत खूप चांगलं सांगितलं. मला जे बोलायचं होतं ते दोन महिने आधी, ऑक्टोबरमधल्या एका रविवारी दुपारी बोलून झालं होतं.

देवळाच्या खालच्या हॉलमध्ये प्रकाशन होतं. साठेक माणसं, मागे बटाटेवड्यांचे ट्रे, पोरांची इंग्रजीत पळापळ. काका व्हीलचेअरवर, इस्त्रीचा शर्ट, काकूंनी विणलेला स्वेटर. शिरीषने पहिली प्रत त्यांच्या मांडीवर ठेवली आणि बोलायला सुरुवात केली. काकांनी डाव्या हाताने पुस्तक उघडलं. अक्षरं त्यांना लागत नव्हती, पण अनुक्रमणिकेच्या पानावर त्यांचं बोट आकड्यांवरून खाली खाली उतरत गेलं. नऊ. दहा. अकरा.

बोट थांबलं. त्यांनी डावा डोळा मिटून त्या आकड्याकडे पाहिलं. मग त्यांचा अर्धा चेहरा हसला. त्यांनी त्या ओळीवर दोनदा हात थोपटला, मान वर केली आणि गर्दीत कोणाला तरी शोधलं. मला. त्यांनी हाताने बोलावलं. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी तो हात माझ्या डोक्यावर ठेवला.

"बघ गं, किती खूश झालेत," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "तीन वर्षांत पहिल्यांदा."

त्या हाताखाली मला वाटलं, संपलं. त्यांना मिळालं. आता मी जाऊन वडे वाढायला लागू शकते, आणि या जगात कोणालाही काही कमी पडणार नाही. असं मला किती वेळ वाटलं ते सांगता येत नाही. डोक्यावरचा हात हलका होता, वाळलेला.

शिरीषने माइक माझ्यापुढे धरला. "आमच्या टायपिस्ट कधी बोलत नाहीत," तो म्हणाला, "पण आज दोन शब्द." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी माइक घेतला. लोकांकडे बघणं मला जमणार नव्हतं, म्हणून मी व्हीलचेअरपाशी खाली बसले आणि काकांकडे बघून बोलले. हॉलमध्ये सगळीकडे ऐकू गेलं असावं, कारण मागची पोरंही थांबली.

"काका, हे अकरावं नाही, हे बारावं आहे. अकरावं तुम्ही सांगितलं होतं, मी टाइप केलं होतं, आणि मीच ते पुसलं. मला कोणीही पुसायला सांगितलं नव्हतं. पेटी त्यानेच ठेवली होती असं तुम्ही त्यात म्हटलं होतं, आणि ते आता कुठेही लिहिलेलं नाही."